कालानुक्रमे लावा, पण कोणत्या काळाच्या क्रमाने?

तहसील कचेरीतला अर्ज असो, बँकेने दिलेली कागदांची यादी असो किंवा वकिलांची चिठ्ठी, एक ओळ हमखास असते: ‘सर्व कागदपत्रे कालानुक्रमे जोडावीत.’ वाचायला सरळ आहे. आधी घडलं ते आधी, नंतर घडलं ते नंतर. पण सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या घरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, उघडून आतले कागद खरोखरच कालानुक्रमे लावायला बसलात, तर थोड्याच वेळात हात थांबतो. तारीख वाचता येते, पण कागद कुठे ठेवायचा ते कळत नाही. हा लेख त्या अडचणीबद्दल आहे.

आधी शब्द बघू. अनुक्रम म्हणजे एकामागून एक येण्याची शिस्त. ती शिस्त कशावर बांधली आहे हे वेगळं सांगावं लागतं. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. विश्वकोशातल्या नोंदी अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने लावलेल्या असतात. अशा क्रमात अकबर आधी येतो आणि अशोक नंतर, जरी अशोक अकबराच्या सुमारे अठराशे वर्षं आधी होऊन गेला. तोच क्रम काळावर बांधला की तो कालानुक्रम. कालानुक्रमे, कालक्रमानुसार, कालानुक्रमाने या तिन्हींचा अर्थ एकच. बोलताना आपण ‘तारीखवार’ किंवा ‘सालवार’ म्हणतो, तेही तेच. नुसतं ‘अनुक्रमे’ मात्र वेगळं आहे. ‘दोघा भावांना अनुक्रमे दोन आणि तीन एकर मिळाले’ या वाक्यात काळाचा संबंध नाही, कुणाला किती एवढंच त्यातून कळतं. ‘कालांतराने’ म्हणजे काही काळ गेल्यावर. त्यातही क्रम सांगितलेला नसतो.

म्हणजे शब्द अवघड नाही. अवघड आहे तो त्याच्या पोटातला प्रश्न: काळ मोजायचा कशाचा, आणि कोणत्या मापाने?

घडलं कधी, नोंदलं कधी

सगळ्यात जास्त गोंधळ जमिनीच्या कागदात होतो, आणि त्याचे परिणामही घराला भोगावे लागतात, म्हणून तिथे थोडं थांबू. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात काही बदल झाला की तलाठी या वहीत नोंद घालतात, नोंदीला पुढचा क्रमांक मिळतो, हरकतीसाठी नोटिसा निघतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. क्रमांक चढता असतो. त्यामुळे ही वही कालानुक्रमे आहे यात वाद नाही. पण ती नोंदींच्या कालानुक्रमे आहे, घटनांच्या नव्हे.

समजा, कोरेगाव तालुक्यातल्या एका घरातले आजोबा १९७२ मध्ये वारले. जमीन त्यांच्या स्वतःच्या कमाईची, मृत्युपत्र नाही. वारसनोंद करायला तेव्हा कुणी गेलंच नाही. १९८३ मध्ये त्यांची मधली लेक वारली. १९८८ मध्ये कुणीतरी मनावर घेतलं आणि वारसनोंद झाली. आता फेरफार बघणाऱ्याला वाटतं की हक्क १९८८ मध्ये आला, आणि लेक तर त्याआधीच गेलेली. प्रत्यक्षात हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वारसांचा हक्क माणूस वारल्या क्षणी निर्माण होतो, नोंदीच्या दिवशी नव्हे. वडील गेले तेव्हा लेक हयात होती, म्हणजे तिचा हिस्सा १९७२ लाच तिच्याकडे आला. तो १९८३ मध्ये तिच्या वारसांकडे, म्हणजे मुलांबरोबर तिच्या नवऱ्याकडेही गेला. लेक वडिलांच्या आधी वारली असती तर मुलांचा हक्क राहिला असता, पण जावयाचं नाव आलं नसतं. माणसं तीच, जमीन तीच. फक्त दोन मृत्यूंपैकी आधीचा कोणता, यावर कुणाचं नाव लागणार हे ठरतं. अशा वेळी कागद फेरफार क्रमांकाने लावून चालत नाही, मृत्यूच्या दाखल्यांच्या तारखांनी लावावे लागतात.

खरेदीखताचंही तसंच. दस्तावर सही झाली ती एक तारीख, दुय्यम निबंधकांकडे नोंदला गेला ती दुसरी, फेरफार पडला ती तिसरी. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदणीला सादर करायला साधारणपणे सही झाल्यापासून चार महिने दिले आहेत. याच कायद्याचं ४७ वं कलम सांगतं की एकदा नोंदणी झाली की दस्ताचा परिणाम नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर नोंदणीची गरजच नसती तर तो जेव्हापासून लागू झाला असता तेव्हापासून धरायचा. एकाच जमिनीचे दोन दस्त झाले तर आधीचा कोणता हे नोंदणीच्या शिक्क्यावरून ठरवू नये ते यासाठी. मुलींच्या वारसाहक्काच्या वादात २० डिसेंबर २००४ ही तारीख सारखी ऐकू येते, कारण त्या दिवसाआधी रीतसर झालेल्या वाटण्यांना हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती हात लावत नाही. तिथेही वाटणी झाली कधी हे पाहतात, सातबाऱ्यावर चढली कधी हे नव्हे.

म्हणून घरचे कागद लावताना वहीत दोन रकाने आखावेत: घडल्याची तारीख आणि नोंदीची तारीख. लावायचं पहिल्या रकान्याने. दुसरा रकाना कचेरीत कागद शोधताना लागतो.

पेशवाईतल्या कारकुनांना हा फरक पक्का ठाऊक होता. पत्र आलं की ते कधी पोहोचलं याची नोंद त्या पत्रावरच करत. तिला पैवस्ती म्हणतात. त्यामुळे एकाच कागदावर दोन तारखा सापडतात, लिहिल्याची आणि पावल्याची. कोणती धरायची? लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे हवं असेल तर लिहिल्याची. ज्याला पत्र आलं त्याने पुढे तसं का केलं हे हवं असेल तर पैवस्तीची. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. बातमी दक्षिणेत यायला दिवस लागले. मधल्या दिवसांत दक्षिणेत लिहिली गेलेली पत्रं भाऊसाहेब आणि विश्वासराव हयात आहेत असं धरूनच लिहिलेली असणार. तारखेने ती लढाईनंतरची, पण लिहिणाऱ्याच्या माहितीने लढाईआधीची. नुसत्या तारखांकडे बघून ‘एवढा अनर्थ झाला तरी हे लोक निवांत कसे?’ असं कुणी म्हणालं, तर तो त्या माणसांवर अन्याय आहे.

एक दिवस, पाच साल

दुसरा प्रश्न मापाचा. आपल्या भागातल्या जुन्या कागदांत एकाच वेळी अनेक कालगणना वावरतात. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले तो दिवस घ्या. आज आपण त्याला १८ नोव्हेंबर १७७२ म्हणतो. शालिवाहन शकाने तो शके १६९४ मधला. शिवराज्याभिषेकापासून मोजणाऱ्या राज्याभिषेक शकाने ९९. सुहूर सनाने ११७३. दक्षिणी फसलीने, म्हणजे महसुली सालाने, ११८२. हिजरीने ११८६. दिवस एकच, आणि कागद कोणत्या दरबारातून निघाला, महसुलाचा की राजकारणाचा, यावर यांपैकी कोणता आकडा लिहायचा ते ठरायचं. छत्रपतींची गादी असलेल्या साताऱ्याहून निघालेल्या आज्ञापत्रांवर राज्याभिषेक शक दिसतो, पेशव्यांच्या आणि मिरज-सांगलीच्या पटवर्धनांच्या कागदांत सुहूर सन भेटतो.

आकड्यांची वजाबाकी-बेरीज सोपी आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, राज्याभिषेक शकात १६७३, सुहूर सनात ५९९, फसलीत ५९०. चूक होते ती वर्ष बदलण्याच्या दिवशी, कारण या प्रत्येकाचा पाडवा वेगळा. शक बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला. राज्याभिषेक शक बदलतो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, कारण शके १५९६ मध्ये त्या तिथीला रायगडावर राज्याभिषेक झाला. सुहूर सन बदलतो सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसाल असंही नाव आहे. आपल्याकडे शेतकरी ‘मिरग निघाला’ म्हणतो, तोच हा मृग. पेरणीचं वर्ष आणि वसुलीचं वर्ष जुळावं म्हणून हे सोयीचं होतं. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, सूर्याशी जुळवून घेत नाही, त्यामुळे मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो.

याचा परिणाम कसा होतो पाहा. शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला १२ जानेवारी १७०८ रोजी. शकाने तो दिवस शके १६२९ मधला. १६२९ मध्ये ७८ मिळवले तर १७०७ येतात, आणि राज्याभिषेक एक वर्ष मागे जाऊन पडतो. कारण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांना ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात: इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, शक अजून बदललेला नसतो. सुहूर सनाचंही तसंच, १ जानेवारीपासून मृग लागेपर्यंत ५९९ ऐवजी ६००.

सुहूर सन वाचताना आणखी एक पायरी आहे. तो आकड्यांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत लिहायचा प्रघात होता, आणि तोही एकंपासून वर. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७४. आता १७७३ हे एकच इंग्रजी वर्ष घ्या. त्यातल्या मार्च महिन्यातलं पत्र ‘सलास सबैन’ मध्ये पडेल आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या ३० ऑगस्टचं पत्र ‘अर्बा सबैन’ मध्ये. वर्षाचा शब्द बदलला म्हणून दोन्हींमध्ये वर्षभराचं अंतर आहे असं समजलात तर मधली सगळी धावपळ हरवते.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की पेशवाईतल्या कितीतरी पत्रांत साल सूर्याचं आणि महिना चंद्राचा असतो. ‘छ’ हे अक्षर, मग आकडा, मग रबिलावल किंवा जमादिलाखर असं मुसलमानी महिन्याचं नाव, आणि साल सुहूर. छ म्हणजे चंद्र, त्या चांद्रमहिन्याचा अमुकावा दिवस. सुहूर साल ३६५ दिवसांचं आणि बारा चांद्रमहिने ३५४ दिवसांचे. म्हणजे एका सुहूर सालाच्या सुरुवातीला येणाऱ्या दहा-अकरा चांद्रतारखा त्याच सालाच्या शेवटी पुन्हा येतात. त्या तारखांपैकी एखादी पत्रावर असेल तर साल, महिना, दिवस सगळं स्पष्ट लिहिलेलं असूनही पत्र वर्षाच्या आरंभीचं की अखेरीचं हे कागदावरून ठरत नाही. मग मजकुरात शिरावं लागतं. छावणी कुठे पडली आहे, पाऊस लागला का, अमुक सरदार हयात आहे का. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापली. दप्तरातलं असं एकेक पत्र त्याच्या जागी बसवणं हे किती बारकाईचं काम आहे, हे या चांद्रतारखा पाहिल्यावर कळतं.

तिथीत फसायच्या जागा याहून ओळखीच्या आहेत. अधिक महिना असलेल्या वर्षी एकाच नावाचे दोन महिने येतात, आधी अधिक आणि मग निज. कागदावर नुसतं ‘श्रावण शुद्ध पंचमी’ असेल आणि त्या वर्षी अधिक श्रावण असेल, तर दोन दिवस संभवतात. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, आधी शुद्ध पक्ष, मग वद्य. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आधी वद्य, मग शुद्ध. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य तृतीया उत्तरेच्या पंचांगात चैत्र वद्य तृतीया होते. उत्तरेकडच्या पंचांगाने लिहिलेला कागद आपल्या कागदांत मिसळला तर तो महिनाभर पुढे जाऊन बसतो.

या सगळ्यात आधार द्यायला एक साधी गोष्ट असते, ती म्हणजे वार. वाराची साखळी कोणत्याही कालगणनेत तुटत नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माबद्दल पूर्वी शके १५४९ ची वैशाखातली तिथी धरत. जेधे शकावलीत, म्हणजे जेध्यांच्या घराण्यात राहिलेल्या सालवार टिपणात, शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद मिळाली. लोकमान्य टिळकांनी ही शकावली उजेडात आणली. नोंदीत शक, संवत्सराचं नाव, तिथी आणि वार असे चार धागे आहेत. साठ संवत्सरांच्या चक्रात शके १५५१ ला शुक्लच येतं, आणि ती तिथी मोजून काढली तर शुक्रवारच येतो. ओळ नंतर कुणी अंदाजाने लिहिली असती तर चारही धागे जुळले नसते. यातूनच आज आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आली. फाल्गुन असल्यामुळे १५५१ मध्ये इथेही ७९ मिळवले आहेत.

तारीख इंग्रजी असली म्हणून

इंग्रजी तारीख दिसली की आपण निर्धास्त होतो. तेही करू नये. आज वापरात आहे ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारलं, इंग्लंडने १७५२ पर्यंत लांबवलं. म्हणजे शिवकाळात गोव्याचे पोर्तुगीज आणि राजापूर-मुंबईचे इंग्रज यांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक होता. पोर्तुगीज पत्रावर १५ नोव्हेंबर आणि इंग्रजी पत्रावर १० नोव्हेंबर असेल, तर आधीचं पत्र पोर्तुगीजांचं. त्यांचा १५ म्हणजे इंग्रजांचा ५.

त्यात इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे. सुरतेची पहिली लूट आपण जानेवारी १६६४ ची म्हणतो. इंग्रजांच्या हिशोबाने तो जानेवारी १६६३ चा, कारण त्यांचं १६६४ अजून लागायचं होतं. इंग्रजी कागद केवळ वर-वरच्या सालाने लावले तर लूट आधी आणि त्या लुटीपूर्वी वर्षभर घडलेल्या हालचाली नंतर असा उलटा क्रम लागतो.

प्रतापगडावर अफझलखान मारला गेला तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार. पुस्तकांत १० नोव्हेंबर १६५९ असते ती त्या काळच्या इंग्रजी, म्हणजे ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या कॅलेंडरने तोच दिवस २० नोव्हेंबर होतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत. चूक होते ती एका यादीत दोन्ही पद्धती मिसळल्या की. यादीच्या डोक्यावर कोणती पद्धत धरली आहे हे लिहून ठेवलं की वाद उरत नाही.

आजच्या सरकारी कागदांतही असा एक सापळा आहे. १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू आहे आणि शासन राजपत्रावर तिची तारीख छापतात. त्यातही ‘शके’ असतं, महिन्यांची नावंही चैत्र, वैशाख, फाल्गुन हीच. पण ती सौर आहे, तिथींशी तिचा संबंध नाही. तिचा १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला. लीप नसलेल्या वर्षी १ मार्च हा तिच्यात फाल्गुन १० असतो. राजपत्रावरचा ‘फाल्गुन १०’ घरच्या पंचांगात शोधायला जाऊ नये.

तारीखच नसेल तर

रुमालातले निम्मे कागद बिनतारखेचे असतात. लोक ते बाजूला काढून ठेवतात, आणि तिथेच कामाचा कागद हरवतो. तारीख नसली तरी ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’ अशा दोन हद्दी बहुतेक कागदांना घालता येतात.

पत्त्यात ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असेल तर कागद १९४९ ते १९६० च्या दरम्यानचा. त्याआधी तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. १९४९ मध्ये या सगळ्याचा मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. हिशोब आणे-पैंत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘बहुधा’ अशासाठी, की खेड्यापाड्यातल्या चोपड्यांत आणे पुढेही काही काळ टिकले. ‘नवे पैसे’ असं लिहिलं असेल तर १९५७ च्या नंतरचा नक्की. लिफाफ्यावर सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. ‘मुंबई इलाखा’ आणि ‘महाराष्ट्र राज्य’ हे तर डोळ्यांत भरतातच. अशा दोन-तीन खुणा जुळल्या की पाच-सात वर्षांच्या पट्ट्यात कागद येतो, आणि त्याच पट्ट्यातल्या तारीखवार कागदांशी मजकूर ताडून बघितला की जागा आणखी पक्की होते.

तारखेशिवायही कालानुक्रम लागतो, याचा सगळ्यात मोठा दाखला साताऱ्याच्या डोंगरात आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढताना आपण लाव्हाच्या थरांमधून वर जातो. खालचा थर आधी ओतला गेला, वरचा नंतर. एवढ्या एका नियमावर भूगर्भशास्त्रज्ञांनी क्रम लावला, आणि त्या थरांच्या गटांना नावंही दिली पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. या सगळ्यांचा मिळून जो उपसमूह, त्याचं नाव वाई. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, हे खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पुढे कळलं. क्रमासाठी वर्षांचा आकडा लागला नव्हता.

आता जपायची एक गोष्ट. क्रम नीट लागला की पुढची घटना आधीच्या घटनेमुळेच घडली असं वाटू लागतं. कोयनेचं शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरायला लागलं, नंतर त्या भागात लहान-मोठे धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. आधी पाणी, मग भूकंप, एवढ्यावरून पाण्यामुळे भूकंप असं सिद्ध होत नाही. शास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षं नोंदी ठेवल्या. धक्के धरणाच्या परिसरातच एकवटलेले आहेत, पावसाळ्यात जलाशय भरल्यावर ते वाढतात, आणि शेजारचं वारणा धरण भरू लागल्यानंतर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला, असं दिसलं. क्रम पुन्हापुन्हा तसाच येत राहिला, म्हणून पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध मान्य झाला. कऱ्हाडला यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन अभ्यास चालतो. क्रम बरोबर असणं ही कारण शोधण्याची पहिली अट, पण ती पहिलीच. घरातल्या भांडणांच्या कागदांनाही हे लागू आहे. ‘वाटणी झाली आणि लगेच विहीर आटली’ यात क्रम आहे, पुरावा नाही.

उलट्या कालानुक्रमाबद्दल थोडक्यात. नोकरीच्या अर्जात सगळ्यात ताजी नोकरी वर लिहितात, मोबाइलमधल्या बँकेच्या ॲपमध्ये ताजा व्यवहार वर दिसतो, आणि पासबुकात जुना वर असतो. दोन्ही कालानुक्रमच आहेत, दिशा उलट एवढंच. न्यायालयात घटनांची तारीखवार यादी देताना मात्र जुन्याकडून नव्याकडे यायचं, नाहीतर वाचणाऱ्याला गोष्ट शेवटाकडून वाचावी लागते.

आणि कागद मोबाइलवर स्कॅन करणार असाल तर एवढं करा. फाइलला फोन स्वतःहून जी तारीख देतो ती स्कॅन केल्याची असते. तुमच्या पणजोबांचं १९३१ चं कबुलायतपत्र त्या फोनच्या दृष्टीने आजचं आहे. म्हणून फाइलचं नाव स्वतः द्या, आधी साल, मग महिना, मग दिवस, महिना आणि दिवस दोन आकडी: १९३१-०४-०९. दिवस आधी लिहिला तर फोन सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र करतो. साल आधी असलं की यादी आपोआप कालानुक्रमे लागते. जिथे फक्त साल कळतं तिथे महिन्याच्या आणि दिवसाच्या जागी शून्य लिहा, म्हणजे तो कागद त्या वर्षाच्या डोक्यावर राहील आणि तारीख सापडली की नाव बदलता येईल. मूळ कागदावर शके, सुहूर, छ असं जे लिहिलं असेल ते यादीत जसंच्या तसं उतरवून त्याच्या शेजारी इसवी सन लिहा. मूळ कागदावर काही लिहायचं झालंच तर मागच्या बाजूला, पेन्सिलने.